सांध्याचे कलम
(ज्ञातिसंस्थेच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



कार्यकारी मंडळाने आम्हांस भाषणासाठी पाचारण केले, तेव्हा आपल्या ज्ञातीच्या पूर्वेतिहासावर, किंवा फार तर विद्यार्थ्यांच्या गुणवत्तेवर, आम्ही चार शब्द बोलावे अशी चिटणीसांची अपेक्षा होती. निवृत्त शिक्षकाकडून याहून निराळी अपेक्षा कोण करणार? परंतु आम्ही विषय कळविला तो 'सांध्यातील कूर्चा व अस्थी यांचे रोपण' हा. 'रोपण' म्हणजे वृक्षारोपण तर नव्हे ना, असे चिटणीसांनी दूरध्वनीवरून दोनदा विचारून घेतले! वृक्षारोपण नव्हे हे खरे. पण वृक्षांशी या विषयाचा काहीच संबंध नाही असेही नव्हे, हे पुढे दिसून येईल.

आम्ही वैद्य नव्हे. जुन्या अकरावीची मॅट्रिक परीक्षा उत्तीर्ण होऊन जन्मभर मुलांस शिकविणारे शाळामास्तर आम्ही. जे बोलणार आहोत ते काही वाचून, आणि पुष्कळसे आपल्याच ज्ञातीतील एका अस्थितज्ज्ञांना पुनःपुन्हा प्रश्न विचारून जमविलेले आहे. त्यांनी आमची चिकाटी सोसली याबद्दल त्यांचे ऋण येथेच मान्य करतो. त्यांचे नाव घेऊ नये अशी त्यांची अट आहे. नाही तर उद्यापासून ज्ञातीतील सर्व गुडघे त्यांच्या दारी येतील, असे ते हसून म्हणाले.

या विषयाकडे आम्ही कसे वळलो ते आधी सांगितले पाहिजे. आमच्या भाचीचा मुलगा, वय वर्षे १९, कबड्डीत चांगला नाव कमावणारा. २०२२ साली त्याचा उजवा गुडघा दुखू लागला. प्रथम घरच्यांनी तेल चोळले, मग गावच्या हाडवैद्याकडे नेऊन पट्ट्या बांधल्या. त्याने काही बिघडले नाही आणि काही सुधारलेही नाही. पुढे एके दिवशी चालता चालता गुडघा एकदम अडकला. ना सरळ होईना, ना वाकेना. मुंबईस आणून एम.आर.आय. काढला तेव्हा निष्पन्न झाले की, मांडीच्या हाडाच्या खालच्या टोकावरील कूर्चेचा एक तुकडा, खालच्या हाडाच्या पापुद्र्यासह, सुटून सांध्यात इकडेतिकडे फिरत होता. जागेवर राहिला होता तो सुमारे चार चौरस सेंटीमीटरांचा खड्डा, म्हणजे जवळजवळ पाच रुपयांच्या नाण्याएवढा. या विकारास फ्रान्झ क्योनिग या जर्मन शल्यवैद्याने १८८७ मध्ये नाव दिले. हाडाच्या त्या भागाचा रक्तपुरवठा कोणत्या ना कोणत्या कारणाने तुटतो, हाड आतून मरते आणि वरची कूर्चा आधार गेल्यामुळे ढिली होते. ऐन वाढत्या वयातील, खेळणाऱ्या मुलांना तो विशेषेकरून होतो.

आता कूर्चा म्हणजे काय? आपल्या घरांपैकी ज्या घरांत मांसाहार चालतो, तेथील भगिनींना हे सांगावयास नको. नळीच्या टोकावर जी निळसर-पांढरी, काचेसारखी गुळगुळीत टोपी असते, तीच कूर्चा. आपल्या गुडघ्यात तिची जाडी साधारणतः दोन ते चार मिलिमीटर. चालताना शरीराच्या वजनाच्या दोन-तीन पट भार गुडघ्यावर येतो, आणि तो भार हा पातळ पापुद्रा आयुष्यभर झेलतो. तिच्या वजनापैकी ६५ ते ८० टक्के पाणी असते. भार पडला की ओल्या स्पंजाप्रमाणे पाणी बाहेर पाझरते, भार सरला की आत शिरते. त्या येण्याजाण्यातच तिचे पोषण होते. कारण तिच्यात रक्तवाहिनी नाही. मज्जातंतू नाही, म्हणून तिला वेदनाही नाही. आपल्याला दुखते ते तिच्याखालचे हाड किंवा भोवतालचे आवरण. आपण 'गुडघ्यातले वंगण संपले' असे म्हणतो ते पूर्णपणे खरे नसते. वंगण बहुधा शिल्लक असते. वंगण ज्यावर घालावयाचे ती टोपीच झिजलेली असते.

रक्त नाही, यातच सर्व दुःखाचे मूळ आहे. हाड मोडले तर तेथे रक्त साकळते, त्या रक्तातून नव्या पेशी येतात, आणि सहा-आठ आठवड्यांत हाड जुळू लागते. कूर्चा तुटली तर तेथे कोण येणार? कूर्चेच्या पेशी मोजक्याच, आणि त्या आपापल्या कोठडीत चिणल्यासारख्या बसलेल्या. त्या जागा सोडून जखमेपर्यंत येऊ शकत नाहीत. लंडनच्या विल्यम हंटर नामक शरीरशास्त्रज्ञाने १७४३ साली रॉयल सोसायटीपुढे निबंध वाचला, तेव्हा त्याचे वय अवघे २५ होते. एकदा नष्ट झालेली कूर्चा पुन्हा भरून येत नाही, असे त्याने त्यात स्पष्ट नमूद केले. या गोष्टीस पावणेतीनशे वर्षांहून अधिक काळ लोटला, तरी त्याचे म्हणणे मुळात खोटे ठरलेले नाही. जाहिरातीतील गोळ्या, चूर्णे आणि चमत्कारिक तेले विकत घेताना ज्ञातिबांधवांनी हंटरसाहेबांचे स्मरण ठेवले तर पुष्कळ पैसा वाचेल, असे आम्हांस वाटते.

भरून येत नाही, मग उपाय कोणता? जे नाही ते दुसरीकडून आणून लावावे, हाच एक. आणि लावणे म्हणजे कलम करणे. आपल्यापैकी ज्यांचे मूळ कोकणात आहे त्यांनी हापूसची कलमे बांधताना पाहिलीच आहेत. भेट कलमात रोपाची कुंडी झाडाच्या फांदीपाशी नेतात, दोघांची साल सोलून त्यांना एकत्र बांधतात, आणि जोड पक्का बसल्यावरच फांदी आईपासून तोडतात. कोय कलमात मात्र काडी आधीच कापून आणतात, कोवळ्या रोपाचा शेंडा छाटून खाच पाडतात आणि पाचरीसारखी तासलेली काडी त्या खाचेत बसवून बांधून टाकतात. त्या काडीला आईचा रस नाही आणि नव्या रोपाचा अजून मिळू लागलेला नाही. त्या मधल्या दिवसांत ती स्वतःच्या जिवावर ताजी राहिली तर कलम धरले, सुकली तर गेले.

शल्यशास्त्रातही हेच दोन प्रकार आहेत. पहिल्याचे उदाहरण तर आपल्या पुण्याचेच आहे. इंग्रजांच्या सैन्यात बैल हाकणारा कावसजी नावाचा एक मराठा शेतकरी टिपूच्या हाती सापडला. टिपूच्या लोकांनी त्याचे नाक आणि एक हात कापला. पुढे पुण्याजवळ विटा करणाऱ्या जातीतील एका कारागिराने त्याच्या कपाळाच्या कातडीचे नवे नाक त्याला बसवून दिले. मुंबईच्या दोन इंग्रज वैद्यांनी ही शस्त्रक्रिया डोळ्यांनी पाहिली, आणि १७९४ च्या ऑक्टोबर महिन्यात लंडनच्या 'जेंटलमन्स मॅगझीन' मध्ये तिचे वर्णन चित्रासह छापून आले. कपाळाची कातडी पुरती न कापता भुवयांच्या मध्ये एक देठ राखावयाचा आणि नाक रुजल्यावर तो देठ छाटावयाचा, अशी ती युक्ती होती. हेच भेट कलम! त्या कारागिराचे नाव कोणी टिपून ठेवले नाही. युरोपातील प्लॅस्टिक सर्जरीला त्या वर्णनाने चालना दिली, हे मात्र सर्वमान्य आहे.

सांध्याच्या कूर्चेला असा देठ राखता येत नाही. तेथे कोय कलमच करावे लागते, आणि म्हणून ते शतकानुशतके कोणास साधले नाही. हाडाचे कलम त्यामानाने लवकर साधले. योब फान मेकरेन या डच शल्यवैद्याच्या, त्याच्या मरणानंतर १६६८ मध्ये निघालेल्या ग्रंथात, एका रशियन सरदाराच्या कवटीतील भोक कुत्र्याच्या हाडाने बुजविल्याची कथा आहे. धर्मपीठाने त्या सरदारास बहिष्कृत केले, तेव्हा तो हाड काढून घेण्यास परत आला, पण ते इतके पक्के बसले होते की निघेना! कथा कितपत खरी, देव जाणे. मात्र बहिष्काराचे शस्त्र केवळ आपल्याच देशात होते असे नाही, एवढे तीवरून कळते. पुढे ग्लासगोचा विल्यम मॅक्यूएन याने १८८० च्या सुमारास एका लहान मुलाचे दंडाचे नासलेले हाड दुसऱ्या मुलांच्या हाडांनी पुन्हा उभे केले. मुडदूस होऊन ज्यांच्या नडग्या वाकल्या होत्या, त्या सरळ करताना पाचरीसारखे जे तुकडे काढावे लागतात, तेच त्याने वापरले. एकाच्या व्यंगाचा टाकाऊ भाग दुसऱ्याचा हात झाला. जर्मनीच्या एरिश लेक्सर याने १९०८ मध्ये एक पाऊल पुढे टाकले. कापून टाकाव्या लागलेल्या अवयवांतून त्याने अर्धे आणि संपूर्ण सांधेच काढून दुसऱ्या रोग्यांत बसविले. सुमारे निम्मे यशस्वी झाले असे त्याने लिहून ठेवले आहे. क्ष-किरण नुकतेच हाती आलेले, पेनिसिलीन अद्याप दूर. त्या काळी निम्मे म्हणजे थोडे नव्हे.

यानंतर बराच काळ फारसे काही घडले नाही. खरी सुरुवात झाली ती १९७२ मध्ये, कॅनडातील टोरांटो येथील माउंट सायनाय रुग्णालयात. डॉ. ॲलन ग्रॉस व त्यांचे सहकारी यांनी नुकत्याच मृत झालेल्या तरुण माणसांच्या गुडघ्यांतून कूर्चेसह हाडाचे तुकडे काढून, अपघातात सांधा फुटलेल्या तरुण रोग्यांत ते बसविण्यास प्रारंभ केला. या कामाचे मर्म एका वाक्यात सांगावयाचे तर असे: हाड मेलेले चालते, कूर्चा मात्र जिवंत हवी.

हे थोडे उलगडून सांगतो. रोपलेल्या तुकड्यातील हाडाच्या पेशी मरतात. पण ते मेलेले हाड एखाद्या मांडवासारखे उभे राहते, आणि रोग्याचे स्वतःचे हाड हळूहळू त्यात शिरून जुने काढीत व नवे भरीत जाते. पाहुण्याचे घर महिन्यामहिन्याने यजमानाचे होते. कूर्चेचे तसे होत नाही. यजमानाकडून नवी कूर्चा कधीच येणार नाही, हे हंटरने सांगूनच ठेवले आहे. म्हणून दात्याच्या पेशी जिवंत राहिल्या तरच ती टिकते. आणि येथे निसर्गाने एक विलक्षण सोय करून ठेवली आहे. दुसऱ्याचे मूत्रपिंड किंवा यकृत बसविले तर शरीर त्यावर तुटून पडते, आणि जन्मभर प्रतिकार दडपणारी औषधे घ्यावी लागतात. कूर्चेच्या पेशी मात्र आपल्या कोठडीत चिणलेल्या, आणि तेथे रक्त जात नाही. त्यामुळे रक्तातील पहारेकऱ्यांना या परकीयांचा पत्ता लागत नाही. रक्तगट जुळविण्याची गरज नाही, औषधांचीही नाही. तुकड्याच्या हाडातील मज्जा तेवढी पाण्याच्या फवाऱ्याने कसून धुऊन काढतात, कारण पहारेकरी जागे होतात ते तिच्यामुळे. ज्या रक्तहीनतेमुळे कूर्चा बरी होत नाही, त्याच रक्तहीनतेमुळे ती दुसऱ्याच्या देहात सुखाने नांदते! आमच्या अस्थितज्ज्ञ स्नेह्यांनी हे सांगितले तेव्हा आम्ही त्यांना तिसऱ्यांदा चहा विचारला.

कृती अशी आहे. दाता शक्यतो चाळिशीच्या आतला. मृत्यूनंतर २४ तासांच्या आत, शस्त्रक्रियेच्या शुचितेने, सांधा काढतात. तो गोठवावयाचा नाही, गोठविला की कूर्चेच्या पेशी मरतात. पेशींना अन्न पुरविणाऱ्या द्रवात, चार अंश सेल्सिअस तापमानास तो ठेवतात. मग दोन आठवडे तपासण्या चालतात: कावीळ, एड्स, उपदंश, जिवाणू. या तपासण्यांमागे एक दुःखद प्रकरण आहे. अमेरिकेच्या मिनेसोटा राज्यात नोव्हेंबर २००१ मध्ये २३ वर्षांच्या एका तरुणाच्या गुडघ्यात असे कलम बसविले, आणि त्या तुकड्यातून आलेल्या जिवाणूंमुळे काही दिवसांतच तो दगावला. त्या दात्याचा देह फार वेळ शीतगृहाबाहेर राहिला होता. त्यानंतर नियम पुष्कळ कडक झाले. तपासणीला दोन आठवडे हवेत, आणि चार आठवड्यांनंतर पेशी कमी होऊ लागतात. म्हणजे वापरावयास उरतात ते मधले दोनच आठवडे. तेवढ्यात क्ष-किरणांवरून मापाचा रोगी शोधावयाचा आणि त्याला बोलावून घ्यावयाचे. आयुष्यातील लग्नाचे मुहूर्त सुद्धा इतके कमी नसतात!

शस्त्रक्रियेच्या वेळी रोग्याच्या खड्ड्याभोवती नळीच्या आकाराच्या हत्याराने गोल घेऊन आतला सडका भाग काढतात. दात्याच्या सांध्यावर अगदी त्याच जागचा, त्याच बाकाचा, त्याच व्यासाचा दट्ट्या कापतात. त्यात हाड थोडेच, सहा-सात मिलिमीटर, ठेवतात, कारण जितके हाड जास्त तितकी त्याची जागा घेण्यास रोग्याच्या हाडाला मेहनत अधिक. बाटलीला बूच बसावे तसा तो बोटाच्या दाबाने बसतो. बहुधा खिळाही लागत नाही. त्यानंतर काही आठवडे कुबड्या, आणि वर्षभर धावणे-उड्या वर्ज्य.

फळ काय? टोरांटोच्या मंडळींनी मांडीच्या हाडावरील अशा कलमांचा हिशेब प्रसिद्ध केला, त्यात दहा वर्षांनी शंभरांपैकी ८५ आणि पंधरा वर्षांनी ७४ शाबूत होती. कॅलिफोर्नियातील सॅन डिएगो येथील हिशेब २०१३ मध्ये निघाला. तोही जवळजवळ तसाच, आणि वीस वर्षांनी ६६. कलम फसते तेव्हा ते बहुधा हाडाच्या बाजूने फसते, खालचा मांडव खचतो. हे सर्व एकाच जागी खड्डा पडलेल्या तरुण गुडघ्यांबद्दल बोलतो आहोत. आमच्यासारख्यांचे सबंध झिजलेले गुडघे यात बसत नाहीत. समोरासमोरची दोन्ही हाडे घासून गेली असतील तर कलम टिकत नाही. तेथे धातूचा सांधाच बरा. समोरच्या रांगेतील काही ज्येष्ठ भगिनी मघापासून आशेने ऐकत आहेत असे दिसते, म्हणून हे आताच सांगून टाकतो.

आमच्या नातवाचे काय झाले, ते सांगावयाचे राहिले. आम्ही त्यास नातूच म्हणतो. तो आम्हांस मामाआजोबा म्हणतो. डॉक्टरांनी सर्व मार्ग समजावून दिले. हाडाला बारीक भोके पाडून रक्त वर आणावयाचे. पण त्यातून येणारी कूर्चा खऱ्या जातीची नसते, वणासारखी असते. रोग्याच्याच कूर्चेच्या पेशी काढून प्रयोगशाळेत वाढवून परत पेरावयाच्या. हे स्वीडनमधील ब्रिटबर्ग, पीटरसन आदींनी १९८७ मध्ये प्रथम केले आणि १९९४ मध्ये जगापुढे मांडले. परंतु याचे तर हाडही गेलेले. नुसत्या पेशी पेरून खड्डा भरणार नव्हता. तिसरा मार्ग बुडापेस्टच्या लास्लो हँगोडी यांनी १९९२ मध्ये सुरू केलेला: रोग्याच्याच गुडघ्याच्या कडेच्या, भार न येणाऱ्या भागातून कूर्चेसह हाडाचे छोटे दट्टे काढून, खड्ड्यात फरशीच्या तुकड्यांसारखे शेजारी शेजारी बसवावयाचे. तेच करण्यात आले. पण स्वतःच्याच गुडघ्यातून किती उसने घेणार? एका कोपऱ्याची फरशी काढून दुसऱ्या कोपऱ्यात लावावयाची, त्यालाही मर्यादा आहेच. खड्ड्याचा दोन-तृतीयांश भाग भरला. डॉक्टर म्हणाले, "दात्याचे एकच मोठे कलम मिळाले असते तर पुरा भरला असता. ते मिळाले नाही." मुलगा आज व्यवस्थित चालतो, दुचाकी चालवितो, नोकरीच्या शोधात आहे. कबड्डी सुटली. त्याने त्याबद्दल कधी तक्रार केलेली नाही. पण सामने पाहावयास मात्र तो जात नाही.

'मिळाले नाही' हे शब्द ऐकताच आम्ही मान खाली घातली. का, ते सांगण्यासाठीच वास्तविक आज उभे राहिलो आहोत.

२०१७ साली आमच्या धाकट्या बंधूंचा मुलगा, वय ३१, हृदयविकाराच्या झटक्याने मुंबईच्या एका रुग्णालयात वारला. बंधू पूर्वीच गेलेले, त्यामुळे घरातील कर्ता पुरुष म्हणून सर्व निर्णय आमच्याकडे. पहाटेची वेळ होती. एक तरुण समाजसेविका आली, हात जोडून म्हणाली, "काका, डोळे, त्वचा आणि हाडे देता येतील. आपली संमती असेल तर." आम्ही एक क्षणही विचार केला नाही. म्हणालो, "बाई, हाडे काढून घेतली तर तिसऱ्या दिवशी आम्ही स्मशानातून काय वेचावयाचे? रामकुंडात काय सोडावयाचे?" ती पुन्हा एकदा नमस्कार करून निघून गेली. आमचा आवाज चढला होता, हे आता आठवते.

त्या अस्थी पुढे आमच्या नातवास मिळाल्या असत्या, असे मुळीच नव्हे. चार आठवड्यांची मर्यादा आपण आत्ताच ऐकलीत, आणि मध्ये पाच वर्षे गेली. आपल्याकडे ताज्या कूर्चेची कलमे सर्रास उपलब्धही नाहीत. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयातील ऊतिपेढी १९८८ पासून चालू झाली. तेथे मुख्यत्वे हाड आणि गर्भवेष्टन सुकवून गॅमा किरणांनी निर्जंतुक करतात. ते हाड मेलेले असते. पण मांडव म्हणून उत्तम. कर्करोगाने पोखरलेल्या हाडातील पोकळी भरावयास ते उपयोगी पडते. सायनच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात २००० साली त्वचापेढी निघाली. भाजलेल्या रोग्यांवर ती त्वचा घालतात. आमच्या पुतण्याच्या अस्थींनी कोणाचा तरी पाय वाचला असता, त्वचेने कोणी भाजलेली स्त्री चार दिवस अधिक तग धरती, डोळ्यांनी दोघांना दिसले असते. ताजी कलमे मिळावयाची तर आधी दाते हवेत, मग पेढ्या, मग वेळेवर चालणारी व्यवस्था. पहिली पायरीच नसेल तर पुढच्या कोण बांधणार?

शास्त्रार्थाचे म्हणाल, तर आम्ही नंतर आपल्या उपाध्यायांना विचारले. ते थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, "मास्तर, दधीचीचे नाव तुम्ही मुलांना शिकविलेत ना? त्याच्या अस्थींचे वज्र झाले. त्याचे अस्थिसंचयन कोणी केले?" आम्ही निरुत्तर झालो. चाळीस मुलांच्या वर्गात आम्ही ती कथा कितीदा सांगितली असेल याचा हिशेब नाही. उपाध्यायांनी असेही सांगितले की, संचयनाला सर्व अस्थी लागतात असे कोठे आहे? आपण मूठभरच वेचतो. मागाहून आम्हांस हेही समजले की, हाडे काढल्यावर त्या जागी आधार घालून देह व्यवस्थित शिवतात, वस्त्र नेसविल्यावर बाहेरून काही दिसत नाही, आणि अंत्यविधीस फारसा विलंब होत नाही. हृदय किंवा यकृत देण्यासाठी मेंदू मृत होऊन देह यंत्रावर असावा लागतो. डोळे, त्वचा व अस्थी मात्र घरी सामान्य मृत्यू आलेला मनुष्यही देऊ शकतो. डोळे व त्वचा यांस सहा तासांची निकड असते, अस्थींस त्याहून थोडी अधिक सवड.

परंतु आम्हांस सर्वांत अधिक बोचली ती निराळीच गोष्ट. नातवाची शस्त्रक्रिया झाली त्या संध्याकाळी आम्ही भावजयीजवळ हा विषय काढला. मुलगा जाऊन पाच वर्षे झाली होती, त्याचे नाव घराघरांत क्वचितच निघे. भावजय तांदूळ निवडत होती. ती हात न थांबविता म्हणाली, "दादा, मी हो म्हणणार होते. त्या मुलीने तुम्हांला विचारले तेव्हा मी मागे दारातच उभी होते. मला कोणी विचारलेच नाही." कायद्यानेही संमतीचा अधिकार तिचा होता, १९९४ च्या कायद्यात २०११ च्या दुरुस्तीने ऊतींचाही समावेश झाला आहे, आणि जवळच्या नातेवाइकांत आई येते, चुलता येत नाही. त्या रात्री आम्ही नाही म्हटले ते ज्याचा अधिकार नव्हता त्याने म्हटले. एरवी हजेरीपटावर दुसऱ्याच्या जागी सही करणाऱ्या मुलांना आम्ही बाकावर उभे करीत असू.

आता थोडे व्यवहाराचे. इच्छापत्राचे छापील अर्ज चिटणीसांच्या टेबलावर ठेवले आहेत. ते २०१४ च्या नियमांतील सातव्या क्रमांकाचे आहेत. कोणीही येथल्या येथे भरून देऊ नयेत, घरी न्यावेत. कारण त्यावर दोन साक्षीदारांच्या सह्या लागतात, आणि त्यांपैकी निदान एक जवळच्या नात्यातील असावा लागतो. आपण सही केली तरी त्या वेळी घरची माणसे हजर असणार, आणि विचारले जाणार ते त्यांनाच. तेव्हा त्यांना माहीत नसेल तर कागद कपाटातच राहील. ज्या घरांत निर्णय एकटा वडील पुरुष घेतो, तेथे तो कागद स्वयंपाकघरात बसून वाचावा, अशी विनंती आहे. कोणास काही शंका असल्यास भोजनोत्तर आमचे अस्थितज्ज्ञ स्नेही आमच्या शेजारी बसलेले असतील. नाव सांगणार नाही, पण चष्म्यावरून ओळखाल. त्यांना कृपया स्वतःचे गुडघे दाखवू नयेत.

आमचा अर्ज आम्ही मागील महिन्यात भरला. पहिली सही आमच्या सौभाग्यवतींची आहे. दुसरी भावजयीची, ती करताना तिने पेन मागून घेतले आणि अर्ज पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचला, मगच सही केली.